दैव हे पाचवे कारण

हदगाव तालुक्यात पावसाळ्यात ट्रॅक्टर मध्येच बंद पडला, की मेकॅनिक आधी डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकतो. दैवाला कोणी बोल लावत नाही. छोटे विमान त्याच कारणाने कोसळले आणि माणसे गेली, की मात्र 'काळच आला होता' असे आपण म्हणतो. हानी मोठी झाली म्हणून कारण गूढ होत नाही. दैव मानणाऱ्यानेही ही घाई करू नये, कारण भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि शेवटी दैव. पहिली चार तपासल्याशिवाय पाचव्याकडे जाणे ही श्रद्धा नव्हे, कामचुकारपणा आहे.

पिस्टन इंजिनाच्या विमानांत सर्रास वापरले जाणारे एव्हगॅस निळसर असते आणि पाणी त्याहून जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतल्या बाष्पाचे पाणी होते. झाकणाचे रबर झिजले असेल, तर पाऊस आत शिरतो. नळ्यांत आधीच असलेल्या चांगल्या इंधनावर इंजिन सुरू होते आणि पाणी पोहोचताच बंद पडते. तोवर विमान कधी कधी नुकतेच जमीन सोडून वर गेलेले असते. म्हणून उड्डाणापूर्वी पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक नळीत थोडे इंधन काढून पाहतात. पाणी असेल तर तळाशी रंगहीन थर दिसतो. पण नळीत नुसतेच पाणी आले, तर दोन थरांमधली रेघच दिसत नाही आणि नमुना स्वच्छ वाटतो. म्हणून रंग बघायचा, वासही घ्यायचा. विमान उघड्यावर उभे राहते तो तळ अधिष्ठान, वैमानिक कर्ता, टाकी आणि झाकण करण, ही तपासणी चेष्टा. चारही माणसाच्या आवाक्यातली.

कोणी म्हणेल, सगळी काळजी घेऊनही अपघात होतातच. खरे आहे. 17 जानेवारी 2008 रोजी बीजिंगहून आलेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग 777 लंडनच्या हीथ्रोला धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. इंधनात एरवीही असणाऱ्या किंचित पाण्याचा थंड प्रवासात बर्फ झाला आणि त्याने दोन्ही इंजिनांचे इंधन अडवले. विमानातले 152 जण बचावले. वैमानिकांना हा धोका आधी ओळखता येण्यासारखा नव्हता; तेव्हाच्या ज्ञानापुरते ते दैवच. तरी तपास तिथे थांबला नाही, आणि बर्फ जिथे साचला त्या भागाची रचना बदलण्यात आली. कालचे दैव आज करणात जमा झाले.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे: अशा तपासाने गेलेल्या वैमानिकाच्या माथी दोष येतो. पण केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, हेही गीताच सांगते. हाच न्याय दुसऱ्याला दोष देतानाही लावला पाहिजे. इंधन साठवणारा, झाकण तपासणारा, शिकवणारा आणि घाई करायला लावणारा, सगळेच त्या कर्मात असतात. पाच कारणांची दृष्टी एकट्याचा बळी देत नाही.

दुःखात बुडालेल्या घराने दैवाचा आधार घ्यावा. तो त्यांचा हक्क आहे. तपास अधिकाऱ्याला, मेकॅनिकला आणि वैमानिकाला मात्र तो हक्क नाही. त्यांनी पहिली चार कारणे हाताने तपासावीत आणि मगच पाचव्याचे नाव घ्यावे.