कणा आणि ताठपणा

‘ताठ कणा’ हा मराठीत स्वाभिमानाचा पर्याय झाला आहे. झाशीचे नाव निघताच तो ओठावर येतो. शरीरातील कणा मात्र वाकण्यासाठीच घडलेला आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये शल्यविशारदांनी विकारग्रस्त मणके एकमेकांशी जखडण्याची रीत पाडली. अशा जखडण्याने वेदना शमू शकते. पण थांबलेल्या हालचालीचा ताण शेजारच्या मणक्यांवर येतो. म्हणून पूर्व बर्लिनच्या शारिते रुग्णालयात कुर्ट शेलनाक आणि १९७२ च्या ऑलिंपिकमधील सुवर्णविजेती जिम्नॅस्ट कारिन ब्यूटनर-यांझ यांनी हलणारी कृत्रिम चकती घडविली. १९८४ मध्ये ती प्रथम रुग्णाच्या पाठीत बसविली गेली. तीही झिजते, प्रत्येकाला चालत नाही. तरी कण्याचे बळ वाकून सावरण्यात आहे, हे तिने ओळखले.

मग न वाकणाऱ्याचा भार कोणी वाहायचा? एप्रिल १८५८ मध्ये तो झाशीच्या रहिवाशांनी वाहिला. ती कत्तल विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये नोंदलेली आहे. परंतु त्यापूर्वी, १८५३-५४ मध्ये, राणी लक्ष्मीबाईंनी दत्तकाच्या हक्कासाठी डलहौसीकडे खलिते धाडले होते, जॉन लँग या वकिलाचा सल्लाही घेतला होता. वाकण्याच्या साऱ्या वाटा चालून झाल्यावर आलेला ताठपणा आणि जन्मजात ताठरपणा यांत नीतीने भेद करावाच लागतो.