निष्ठेचे बाजारमूल्य

रग्बी लीग हा रग्बीचा तेरा-तेरा खेळाडूंचा प्रकार ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांच्या लोकजीवनात खोलवर रुजलेला आहे, आणि त्यामुळे नॅशनल रग्बी लीग (एनआरएल) या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत आपल्या प्रदेशाचा संघ असावा, ही मागणी तेथे प्रादेशिक अस्मितेशी जोडली जाते. ही स्पर्धा मात्र ‘बंद’ स्वरूपाची आहे. म्हणजे खालच्या गटात अव्वल ठरलेला संघ आपोआप वर चढेल, अशी बढतीची सोय तिच्यात नाही. प्रवेश परवान्याने मिळतो आणि परवाना नियामक मंडळ देते. अशा व्यवस्थेत एखाद्या जनसमुदायाची कोणती गुणवत्ता मोजली जाते, याचे उत्तर सेंट्रल कोस्टच्या दीर्घ प्रतीक्षेत सापडते.

सिडनी आणि न्यूकॅसल यांच्या दरम्यान किनाऱ्यालगत पसरलेल्या या प्रदेशाची लोकसंख्या सुमारे साडेतीन लाख असून गॉसफर्ड हे त्याचे केंद्र आहे. त्याच्या प्रतीक्षेचे मूळ रग्बी लीगमधील फुटीत आहे. 1995 मध्ये दूरचित्रवाणी हक्कांवरून ‘सुपर लीग’ या प्रतिस्पर्धी स्पर्धेचा संघर्ष पेटला, 1997 मध्ये दोन समांतर स्पर्धा झाल्या, आणि 1998 मध्ये त्या एकत्र आल्यावर वीस संघांवरून चौदावर येण्याचे ठरले. या छाटणीत टिकाव लागावा म्हणून, 1908 च्या मूळ संघांपैकी एक असलेल्या नॉर्थ सिडनी बेअर्स या क्लबने गॉसफर्डला स्थलांतर करण्याचा मार्ग निवडला होता. परंतु तेथील नवे मैदान वेळेत पूर्ण झाले नाही, क्लब आर्थिक संकटात सापडला आणि 1999 च्या हंगामानंतर त्याला मॅनली या जुन्या प्रतिस्पर्ध्याबरोबर ‘नॉर्दर्न ईगल्स’ या संयुक्त संघात सामील व्हावे लागले. हा संघही 2002 नंतर संपला व परवाना मॅनलीकडे गेला. गॉसफर्डकडे उरले ते मैदान.

त्यानंतर ‘सेंट्रल कोस्ट बेअर्स’ या नावाने प्रवेशाचे प्रयत्न झाले, तरी विस्ताराची प्रत्येक संधी अन्यत्र गेली. 2007 मध्ये गोल्ड कोस्ट आले आणि 2023 मध्ये ब्रिस्बेन परिसरातील डॉल्फिन्स. 2027 साठी पर्थची निवड झाली, तर 2028 साठी पापुआ न्यू गिनीची. पर्थची घड्याळे सिडनीच्या मागे असल्याने तेथील सामना पूर्व किनाऱ्यावर रात्री उशिरा दाखवता येतो, शिवाय राज्य सरकारचा पैसाही पाठीशी आहे. पापुआ न्यू गिनीच्या संघामागे ऑस्ट्रेलियन सरकारने दहा वर्षांसाठी साठ कोटी डॉलर उभे केले, कारण प्रशांत महासागरातील चीनच्या वाढत्या प्रभावाला शह देणे हा परराष्ट्र धोरणाचा भाग झाला आहे. बेअर्सचे नाव आणि बोधचिन्हही अखेर पर्थच्या संघाला जोडले गेले.

या निवडींमागचे सूत्र व्यापारी तर्काला धरूनच आहे. नवा संघ घेताना स्पर्धा नवा प्रेक्षक, नवी प्रक्षेपण वेळ किंवा नवा निधी शोधते. सेंट्रल कोस्टचा रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ पाहत आला आहे. त्याच्या घरात सामना आधीच लागलेला असतो, त्याची मुले आधीच स्थानिक क्लबात खेळत असतात. म्हणजे ज्या निष्ठेच्या बळावर हा समुदाय हक्क सांगतो, तीच निष्ठा त्याचा दावा दुबळा करते, कारण जे आधीच पदरात आहे त्यासाठी कोणी किंमत मोजत नाही. ज्याने पाठ फिरवली असती, त्याची मनधरणी झाली असती.

या समुदायाच्या दाव्याविरुद्धचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. प्रत्येक निष्ठावंत गावाला संघ दिला, तर खेळाडूंचा दर्जा खालावेल आणि कमकुवत क्लब बुडतील. नॉर्दर्न ईगल्सचा अल्पायुषी प्रयोग हेच सुचवतो. मात्र ते अपयश एका प्रदेशाचे होते की दोन वैरी क्लब बळजबरीने एकत्र बांधण्याच्या धोरणाचे, हे तपासले पाहिजे, कारण गॉसफर्डच्या त्याच मैदानावर 2005 पासून खेळणाऱ्या सेंट्रल कोस्ट मरिनर्स या फुटबॉल क्लबने आर्थिक चणचणीतही 2013, 2023 आणि 2024 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. लहान प्रदेश मोठा संघ पोसू शकत नाही, हे गृहीतक त्यामुळे टिकत नाही.

व्यावसायिक स्पर्धेने नफ्याचा विचार करू नये, अशी अपेक्षा भाबडी ठरेल. परंतु जी संस्था स्वतःच्या खेळाला जनसामान्यांचा खेळ म्हणवते, तिने प्रवेशाचे निकष आधी जाहीर करावेत आणि त्यांत खेळाडू घडवणाऱ्या, मैदाने भरणाऱ्या प्रदेशांच्या योगदानाला निश्चित भार द्यावा. तसे न केल्यास प्रादेशिक समुदायांनी प्रस्तावांवर पैसा आणि वर्षे खर्च करणे व्यर्थ आहे, हे तिने निदान स्पष्टपणे सांगावे.