संकल्पाचं पाणी

घरातल्या पूजेत सगळ्यात घाईने उरकला जाणारा भाग संकल्पाचा. गुरुजी एका दमात म्हणत असतात आणि यजमानांचं लक्ष समईच्या वातीकडे किंवा दारात आलेल्या पाहुण्यांकडे असतं. मधेच ‘गोत्र सांगा, नाव सांगा’ असं ऐकू आलं की ते सावरून बसतात. मग ‘पाणी सोडा’, ताम्हणात पाणी पडतं आणि गणपतीपूजन सुरू होतं. आचमन, प्राणायाम, आवाहन, नैवेद्य, निर्माल्य, विसर्जन हे सगळेच शब्द लहानपणापासून आपल्या कानांवरून जात आले आहेत. पण मला विचाराल तर थांबावं अशी जागा संकल्पाची आहे, आणि तिथेच कुणी थांबत नाही. आज आपण थांबू. पुढचं सावकाश वाचा. एकेका टप्प्यावर डोळे मिटून जरा वेळ बसलात तर उत्तमच.

पाटावर बसा, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. उजवा तळहात समोर धरा आणि त्याच्याकडे नुसतं बघा. एवढ्याशा जागेत परंपरेने चार तीर्थं मानली आहेत. अंगठ्याच्या मुळाशी ब्राह्मतीर्थ, करंगळीच्या मुळाशी कायतीर्थ, बोटांच्या टोकांशी देवतीर्थ, आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधे पितृतीर्थ. आचमनाचं पाणी ब्राह्मतीर्थावरून ओठांत जातं. देवांना द्यायचं पाणी बोटांच्या टोकांवरून सुटतं. तर्पणाचं पाणी अंगठ्याच्या बाजूने कलतं. पळी तीच आणि पाणीही तेच. ते कुणासाठी आहे हे हात कुठे कलतो त्यावरून कळतं. ज्यांनी आई-वडिलांच्या श्राद्धाला पाणी सोडलं आहे त्यांच्या मनगटाला तो कल अजून आठवत असेल. आठवू द्या. घाई नाही.

आता आचमन. तळहात थोडा खोलगट करा. त्यात उडदाचा दाणा बुडेल एवढंच पाणी घ्यायचं असं जुने लोक सांगत. केशव, नारायण, माधव या तीन नावांनी तीन वेळा प्राशन आणि गोविंद या नावाने पाणी ताम्हणात. एवढ्या पाण्याने तहान भागत नाही, घसा जेमतेम ओला होतो. आता बोलायला लागणार आहोत, तर तोंड आधी शुद्ध करून बोलावं, इतकाच त्याचा हेतू मला दिसतो. सकाळपासून या तोंडाने आपण काय काय बोललो ते एकदा मनाशी आणा. कुणावर ओरडलो असू, कुणाबद्दल उगाच काही बोललो असू. त्यावर हे तीन घोट. मग श्वास सावकाश आत, थोडा वेळ आत, सावकाश बाहेर.

तळहातावर चार अक्षता आहेत असं समजा. संकल्प सुरू होतो तो काळापासून, आणि किती लांबून! ब्रह्मदेवाचं आयुष्य त्याच्या मापाने 100 वर्षांचं. त्यातली 50 वर्षं संपली, आपण दुसऱ्या परार्धात आहोत. त्याच्या 51व्या वर्षाचा हा पहिला दिवस, श्वेतवाराहकल्प. हा एक दिवस आपल्या 432 कोटी वर्षांचा. त्यात 14 मन्वंतरं असतात. सहा मनू होऊन गेले, सातवा वैवस्वत चालू आहे. एका मन्वंतरात 71 महायुगं. चालू मन्वंतरातली 27 सरली, हे 28वं. त्यातलीही कृत, त्रेता, द्वापर ही युगं गेली आणि कलियुग लागलं. ते 4,32,000 वर्षांचं. इसवी सनापूर्वी 3102 मध्ये ते सुरू झालं असं पंचांगकर्ते धरतात, म्हणजे आतापर्यंत पाच हजारांवर थोडी वर्षं झाली. त्याचा पहिला चरणच 1,08,000 वर्षांचा आहे, म्हणून संकल्पात आपण ‘प्रथम चरण’ म्हणतो आणि आपल्या कितीतरी पिढ्या तेच म्हणत राहणार आहेत.

हे आकडे पाठ करायचे नाहीत, हिशोबही मांडायचा नाही. आजच्या खगोलशास्त्राशी ते किती जुळतात हा वादही बाजूला ठेवा. त्यांना वरून खाली येऊ द्या: परार्ध, कल्प, मन्वंतर, युग, चरण. दोन खोल्यांच्या घरात, सत्यनारायणाच्या चौरंगापुढे बसलेल्या माणसाला आधी हे सगळं ऐकवावं असं कुणाला तरी वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. प्रसादाच्या शिऱ्याला साखर किती घालायची याच्या चर्चेत असलेल्या घराला ते 432 कोटी वर्षांच्या एका दिवसात आणून बसवतात. आणि तिथे सोडून देत नाहीत. एवढ्या अफाट काळात माणूस हरवला असता. संकल्प त्याला हाताला धरून खाली, त्याच्या गावापर्यंत आणतो.

तर आता जागा. जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य आणि मग गोदावरीचा तीर. पुणे, सातारा, कोल्हापूरचे लोक दक्षिण तीर म्हणतात, नागपूर-अमरावतीकडचे उत्तर तीर. पंचवटीतल्या घरात उत्तर तीर होतो आणि पूल ओलांडून जुन्या नाशकात आलं की दक्षिण तीर. कोकणात आणि गोव्यात परशुरामक्षेत्र येतं. परदेशातल्या मराठी घरांत गुरुजी तिथल्या देशाचं, शहराचं नाव घालतात, आणि ते अगदी योग्य आहे. जिथे बसलो आहोत तिथलंच नाव घ्यायचं.

इथे थोडं अधिक थांबा. हातातलं पाणी आलं कुठून? मुंबईत असाल तर तानसा, वैतरणा किंवा भातसाचं असेल, पुण्यात खडकवासल्याचं, नाशकात गंगापूर धरणाचं, म्हणजे साक्षात गोदावरीचं. पुढे कलशपूजेत गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी या सातही नद्यांना याच पाण्यात बोलावलं जातं. नळाच्या पाण्यात त्या येतात, अशी श्रद्धा आहे. मग त्याच पूजेचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून नदीत टाकणारे हात बघितले की जीव कळवळतो. ज्या नदीच्या नावाने बसलो, तिच्याच तोंडावर पिशवी फेकायची? फुलं झाडाच्या मुळाशी घाला. तिथे ती मातीत मिसळतात आणि नदीही सुखी राहते. हा विषय संकल्पाबाहेरचा वाटेल, पण नदीचं नाव उच्चारताना मला तो बाहेरचा वाटत नाही.

तुमच्या नदीचं नाव मनात घ्या. ती नाल्यासारखी झालेली असली तरी तिचंच घ्या.

मग पंचांग. शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. चंद्र, सूर्य आणि गुरू कोणत्या राशीला आहेत तेही. संवत्सरांची नावं 60, प्रभवपासून क्षयपर्यंत, आणि ती फिरून फिरून येतात. त्यांतली सगळी गोड नाहीत. शके 1947चं नाव विश्वावसु, आणि शके 1948चं पराभव. 25 मार्च 2020 रोजी गुढीपाडवा होता आणि देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. त्या दिवशी लागलेल्या शके 1942चं नाव शार्वरी, म्हणजे रात्र. त्या वर्षी गुरुजी मोबाइलच्या पडद्यावर आणि यजमान आपल्या घरात, अशा कितीतरी पूजा झाल्या, आणि प्रत्येक संकल्पात शार्वरी हे नाव उच्चारलं गेलं. वर्ष वाईट आहे म्हणून संकल्प त्याचं नाव गाळत नाही. चालू वर्ष तुम्हाला कसं गेलं, घरात कोण आजारी पडलं, कोण गेलं, कुणाचं काम सुटलं, हे इथे आठवायला हरकत नाही. ज्या वर्षात आहोत त्याच वर्षात बसून मागायचं आहे.

तिथीकडेही एकदा बघा. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. म्हणजे आज कोणती तिथी, असं विचारताना आपण चंद्र-सूर्यांमधलं अंतरच विचारत असतो. कालनिर्णयच्या चौकटीत ती बारीक अक्षरात छापलेली असते, म्हणून तिचं काही वाटत नाही. आज चंद्र कुठे असेल याचा अंदाज करा. दिवसा बसला असाल तरी तो कुठेतरी आहेच.

इतकं झाल्यावर संकल्प तुमच्याकडे येतो. गोत्र विचारतो, नाव विचारतो. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावं अशी रीत आहे आणि मला ती फार मायेची वाटते. ज्याला आपलं कूळ सांगता येत नाही त्यालाही परत पाठवलेलं नाही. पण याच जागी पुष्कळांना परतही पाठवलं गेलं, हेही खरं आहे. कित्येक घरांत संकल्प करणारा पुरुषच असायचा आणि पत्नीने त्याच्या हाताला हात लावायचा, बस्स. काही जातींच्या दारात हे मंत्र जाऊच दिले गेले नाहीत. पुण्यात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बायकांनी पौरोहित्य शिकायला सुरुवात केली. ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना आणि सगळ्या जातींच्या लोकांना त्याचं शिक्षण दिलं. आज एखादी बाई खणखणीत आवाजात संकल्प सांगते आणि घरातली विधवा आई स्वतःच्या हाताने पाणी सोडते, हे मी पूजेचं तेज वाढणं मानते. तुमचं नाव तुम्ही घ्या. पूर्ण नाव, आई-वडिलांनी ठेवलेलं. परार्धापासून निघालेली ती लांब यादी या एका नावापाशी येऊन थांबली आहे, हे लक्षात घेऊन घ्या.

नावानंतर मागणं. क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य. आणि तेही सहकुटुंब, सहपरिवार. एकट्यापुरतं मागायची सोयच ठेवलेली नाही. घरातली माणसं एकेक करून डोळ्यांपुढे आणा. ज्यांच्याशी बोलणं तुटलं आहे तीही परिवारात येतात. त्यांचा चेहरा आला आणि मन आखडलं, तर आखडू द्या, चेहरा मात्र पुसू नका.

यानंतर दोन शब्द येतात आणि माझा सगळा जीव त्या दोन शब्दांत आहे: यथाज्ञान आणि यथामिलित. जेवढं कळतं तेवढ्याने आणि जे मिळालं आहे त्याने मी हे करीन. सोळा उपचार सांगितले आहेत, पण वस्त्र नसेल तर कापसाचं वस्त्र चालतं, तेही नसेल तर अक्षता वाहतात. आवाज चांगला नाही, उच्चार चुकतात, केवडा मिळाला नाही, पंचामृताला मध नाही. हे सगळं आरंभीच कबूल करून टाकलेलं आहे. ज्या कामाला तुम्ही ‘सगळं जुळून आलं की करू’ म्हणत वर्षानुवर्षं हात घातला नाही, ते काम आता मनात आणा. थकलेल्या वडिलांजवळ रोज थोडा वेळ बसायचं असेल. कुणाचे तरी पैसे परत करायचे असतील. एखादं व्यसन सोडायचं असेल. एकच घ्या, आणि साध्या शब्दांत सांगा.

गुरुजी इथे थांबतात आणि म्हणतात, ‘करिष्ये म्हणा.’ एवढा एक शब्द ते यजमानाकडूनच वदवून घेतात. बाकी सगळं त्यांनी म्हटलं तरी चालतं, हा शब्द ज्याचा त्यालाच म्हणावा लागतो. म्हणा. मग बोटं खाली कलवा आणि अक्षतांसकट पाणी सुटू द्या.

पूजेच्या शेवटी पुन्हा पळीभर पाणी हातावर येतं. आता काळ नाही, नदी नाही, नाव नाही. हे जे केलं त्याने देव प्रसन्न होवो, एवढं म्हणायचं आणि ‘न मम’ म्हणून पाणी सोडायचं. माझं नाही. यज्ञातही प्रत्येक आहुतीला हे दोन शब्द असतात. आरंभी ‘माझ्या कुटुंबासाठी’ म्हणून बसलेला माणूस शेवटी केलेल्या पूजेवरचाही हक्क सोडून उठतो.

आपण नुकतंच ठरवलेलं काम पुरं झालं आहे अशी कल्पना करा आणि त्याला ‘न मम’ म्हणून बघा. पैशाच्या बाबतीत हे एकवेळ जमतं. दिलेल्या देणगीवरचं नाव सोडायला जरा जड जातं. वाढवलेल्या मुलांच्या बाबतीत, त्यांनी निवडलेल्या नोकरीच्या, जोडीदाराच्या, दूरच्या देशाच्या बाबतीत म्हणून बघा. शब्द घशात अडकतो. ज्या आजाऱ्याची सेवा केली त्याने शेवटी दुसऱ्याचंच नाव घेतलं, तिथे म्हणून बघा. आज एवढं जमलं नाही तर पाणी तसंच हातात राहू द्या आणि आणखी थोडा वेळ बसा. ‘यथाज्ञान’ आपण आधीच म्हटलेलं आहे.