डावीकडची बासरी

पंडित हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले, तेव्हा आकाशवाणीवर आणि सिनेमात त्यांचा जम बसला होता. नव्याने शिकायची तयारी म्हणून त्यांनी बासरी उजवीकडून डावीकडे घेतली. आपण याला त्याग म्हणतो. पण टाकलं नेमकं काय? सिनेमा तर नाहीच. पुढे शिवकुमार शर्मांसोबत ‘सिलसिला’ (१९८१) केलाच.

मी हौशी वादक. एकदा बाजू बदलून पाहिली, तर साधा सा लागेना. कान मात्र जुनाच. प्रत्येक बेसूर फुंक टोचत होती. मग गुरूपुढे कोरं होऊन बसणं खरं कसं? मला वाटतं, देवींनाही कोरा शिष्य नको असावा. सगळं कळत असताना चुकायला तयार असलेला हवा असावा.

माझी बासरी दुसऱ्याच दिवशी उजवीकडे परत आली.