कुटुंबात कोण मोजलं जातं

शिरीन फोजदार मूळच्या मुंबईच्या. १९०५ साली इराणी वंशाच्या बहाई कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९५० मध्ये डॉक्टर नवऱ्याबरोबर त्या सिंगापूरला गेल्या आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या 'सिंगापूर कौन्सिल ऑफ विमेन'चं चिटणीसपद त्यांनी सांभाळलं. ज्या शहरातून त्या आल्या, तिथे मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्या विवाहावर १९४६ मध्येच बंदी घातली होती. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या पीठाने ती बंदी वैध ठरवली. त्याच वर्षी हिंदू कोड बिल रखडल्यामुळे बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं. सिंगापुरात मात्र चिनी पुरुषाने कितीही बायका कराव्यात, कायदा आड येत नव्हता. १९०८ च्या 'सहा विधवांच्या खटल्या'त इंग्रजी न्यायालयाने दुय्यम बायकांचाही वारसाहक्क मान्य केला होता. त्या बायकांच्या पदरात काही पडलं हे खरं, पण बहुपत्नीत्वावर त्यामुळे कायद्याचा शिक्का बसला.

हा शिक्का पुसला गेला तो मतांच्या जोरावर. १९५९ च्या निवडणुकीत मतदान सक्तीचं होतं, त्यामुळे बायका पहिल्यांदाच मोठ्या संख्येने मतदानाला बाहेर पडल्या. पीपल्स ॲक्शन पार्टीने 'एक पती, एक पत्नी' हे वचन जाहीरनाम्यात घातलं. त्या पक्षाच्या चान चॉय सिओंग यांच्यासारख्या स्त्रियांनी ते सभागृहात लावून धरलं. मे १९६१ मध्ये 'विमेन्स चार्टर' हा कायदा मंजूर झाला. मुसलमानांच्या विवाहाचा भाग त्यातून वगळला गेला. त्यांच्यासाठी १९५८ पासून शरियत न्यायालय होतं आणि तेही फोजदारांच्या पिढीने केलेल्या रेट्यामुळेच उभं राहिलं होतं.

या कायद्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते ४६ वं कलम. नवरा-बायकोने एकमेकांच्या सहकार्याने संसार चालवावा, मुलांची काळजी मिळून घ्यावी, घर चालवण्यात दोघांचा अधिकार सारखा असावा आणि बायकोला स्वतंत्र व्यवसाय करता यावा, असं ते सांगतं. मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या कायद्यातली. हे कलम मोडलं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. तरी त्याचा जोर दिसतो तो संसार मोडताना. घटस्फोटात मालमत्तेची वाटणी करताना तिथलं न्यायालय स्वयंपाक, मुलांचं संगोपन, आजारपणं काढणं हे योगदान म्हणून धरतं. फ्लॅटचे हप्ते कुणाच्या पगारातून गेले, एवढ्यावर हिशेब संपत नाही.

आपल्याकडे काय आहे? पुण्यातल्या बाईने वीस वर्षं घर सांभाळलं आणि फ्लॅट नवऱ्याच्या नावावर असला, तर तिला पोटगी मागता येते. त्या फ्लॅटमध्ये तिच्या घरकामाचा वाटा धरावा, अशी तरतूद हिंदू विवाह कायद्यात नाही. सिंधुदुर्गाची हद्द ओलांडून गोव्यात गेलं की चित्र बदलतं. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. पुणे, पणजी आणि सिंगापूर या तिन्ही ठिकाणी मराठी बाई त्याच मायेने, त्याच थकव्याने तेच काम करते. त्या कामाला किंमत आहे की नाही, हे मात्र ती कुठे राहते यावर ठरतं. 'घरचं काम प्रेमापोटी केलं जातं, त्याचा हिशेब काय मांडायचा' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की हिशेब प्रत्येक ठिकाणी मांडला जातोच. काही ठिकाणी बाईच्या रकान्यात शून्य लिहिलं जातं, इतकंच.

तरीही सिंगापूरकडे केवळ कौतुकाने पाहता येत नाही. लग्न न्याय्य करणाऱ्या त्याच राज्याने लग्न ही सगळ्या सोयींची किल्लीही करून टाकली. तिथल्या दर पाच रहिवाशांपैकी जवळजवळ चार जण सरकारी एचडीबी सदनिकांत राहतात आणि ती सदनिका घ्यायला 'कुटुंब' लागतं. एकट्या नागरिकाला १९९१ पासून मुभा मिळाली, पण वयाची पस्तिशी गाठल्यावर. परदेशी नोकरदारांच्या बाबतीत तर कुटुंब पगाराच्या पावतीवरून ठरतं. एम्प्लॉयमेंट पासवर आलेल्या माणसाला बायको-मुलांना आणायचं तर महिन्याला किमान ६,००० सिंगापूर डॉलर पगार हवा, आईवडिलांना दीर्घकाळ ठेवायचं तर १२,०००. आपल्या लेखी आई ही कुटुंबात असतेच; तिथे ती बढती मिळाल्यावर कुटुंबात येते.

अशा कुटुंबांत डिपेंडंट पासवर येणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांतल्या कितीतरी शिकलेल्या, मुंबई-पुण्यात चांगल्या पदावर असलेल्या. पूर्वी साध्या संमतिपत्रावर त्यांना नोकरी करता येत असे. १ मे २०२१ पासून नोकरीसाठी स्वतंत्र वर्क पास लागतो. कायद्याने 'तू घरी बस' असं कुठेही म्हटलेलं नाही. पण नवऱ्याचा पास पक्का आणि हिचा मिळेल की नाही याची खात्री नाही, अशा वेळी बदलीच्या गावी कोणाची नोकरी सुटते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मुलग्यांवरचा भार वेगळा. आईवडिलांनी पीआर (कायमच्या वास्तव्याचा दर्जा) घेताना मुलालाही पीआर केलं, तर अठराव्या वर्षी दोन वर्षांची लष्करी सेवा त्याच्या वाट्याला येते. बहीण थेट कॉलेजात जाते. जेवणाच्या टेबलावर समानतेचे कितीही धडे दिले तरी त्या घरातल्या भावंडांना स्त्री-पुरुष भेद शिकवतं ते सरकारी पत्र.

आणि मग राहते घरातली तिसरी बाई. सिंगापूरच्या स्त्रिया कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेल्या तेव्हा घरकामाचा प्रश्न पुरुषांनी वाटा उचलून सुटला नाही. १९७८ पासून परदेशी घरकामगार आणण्याची योजना सुरू झाली आणि आज इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमारहून आलेल्या अडीच लाखांहून अधिक बायका हे काम करतात. तिथल्या मराठी घरांतही 'हेल्पर' हा शब्द रुळला आहे. मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणं, पोळ्या लाटायला शिकणं, सासूबाईंना पायऱ्या उतरवणं हे सगळं तीच करते.

तिच्याकडे पाहताना राज्याची नजर पूर्ण उलटी फिरते. आपल्या नागरिकांकडून लग्नाची आणि मुलांची अपेक्षा ठेवणारा हा देश तिला नवरा-मुलांना आणू देत नाही. सिंगापूरच्या नागरिकाशी किंवा पीआरशी लग्न करायचं तर तिला मनुष्यबळ मंत्रालयाची परवानगी लागते. ठरावीक काळाने होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत गरोदरपणही तपासलं जातं आणि ती गरोदर निघाली तर तिचा परवाना जातो. कामगारांच्या सामान्य कायद्यात ती बसत नाही. आठवड्याच्या सुट्टीची तरतूद झाली तीच २०१३ मध्ये. सुट्टीच्या बदल्यात पैसे देण्याची पळवाट तेव्हा ठेवली होती. महिन्यातली किमान एक सुट्टी खरीखुरी द्यावीच लागेल, हा नियम २०२३ चा. एका घरातली आई कामाला जाऊ शकते, कारण दुसरी आई आपल्या मुलांपासून शेकडो मैलांवर आहे. ही गोष्ट मला विमेन्स चार्टरच्या समतेवरचं सर्वांत मोठं ओझं वाटते, आणि ते फक्त सिंगापूरचं नाही. ज्या मराठी घरांना तिची सोय होते त्या सर्वांचं आहे.

बापाच्या रजेबाबत आता हालचाल दिसते. एप्रिल २०२५ पासून सिंगापुरात नोकरदार बापाला चार आठवड्यांची सरकारी खर्चाची रजा देणं मालकावर बंधनकारक झालं. २०२३ मध्ये तिथला जननदर ०.९७ वर आला होता, म्हणजे ही रजा न्यायबुद्धीपेक्षा काळजीतून जन्मली असेल. असो. १९६१ चा कायदाही मतांच्या गणितावर उभा राहिला, तरी त्याने बायकांचं भलं केलं.

घरकामगारांच्या बाबतीत मात्र तसं कोणतंही गणित सरकारला भाग पाडत नाही. त्यांना तिथे मत नाही आणि त्यांची मुलं तिथल्या जननदरात मोजली जात नाहीत. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण मंडळ कल्याणाच्या योजना देऊ शकतं. कामाचे तास आणि सुट्टी यांचा हक्क ही वेगळी गोष्ट. तो हक्क मान्य करणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ पासून खुला आहे. आपल्या लाखो लेकी परदेशात राबायला पाठवणाऱ्या फिलिपिन्सने तो २०१२ मध्येच स्वीकारला. त्या लेकींना घरात ठेवणाऱ्या सिंगापूरने तो अजून स्वीकारलेला नाही, आणि भारतानेही नाही.