अंगणातील झेंडू : एक ईश्वरसेवा

पान, फूल, फळ वा पाणी, जे भक्तिभावाने अर्पण केले जाईल ते आपण स्वीकारतो, असे अभिवचन भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात दिले आहे. तेथे फुलाची जात सांगितलेली नाही आणि किंमतही नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोकडील. तरी आज दसऱ्याचे तोरण, खंडेनवमीची शस्त्रपूजा आणि लक्ष्मीपूजन त्याच्यावाचून साजरे होत नाही. भावाने वाहिलेले परके फूलही देवाने आपले मानले.

अरण (जि. सोलापूर) येथील संत सावता माळी यांना आपल्या मळ्यातच विठ्ठलाचे दर्शन घडले. १२९५ साली ते समाधिस्थ झाले. माती राखणे हीच पूजा, ही त्यांची शिकवण प्रत्येक घराच्या अंगणाला लागू पडते.

आषाढात कुंडीत वा वाफ्यात झेंडूचे बी पेरावे. तीन-चार आठवड्यांत रोपे लावणीस येतात. भरपूर ऊन व निचऱ्याची माती असावी. रोप वाढीस लागताच त्याचा शेंडा खुडावा. त्यामुळे फांद्या फुटतात व फुले वाढतात. लावणीनंतर सुमारे दोन महिन्यांनी, दसऱ्याच्या सुमारास, झाड बहरते. त्याच्या मुळांतील द्रव्यामुळे मातीतील सूत्रकृमींना आळा बसतो; म्हणून शेजारच्या टोमॅटो-वांग्यांनाही त्याचा आधार होतो. देवासाठी वाढणारे झाड शेजाऱ्याचेही कल्याण करते.

विकतचा हार क्षणात वाहिला जातो. घरच्या फुलामागे तीन महिन्यांची वाट पाहणे असते आणि घरातील मुलांनी रोज घातलेले पाणी असते. ज्यांना मोठी देणगी देणे शक्य नाही, त्यांनी मनात उणेपणा बाळगू नये. असे एक फूलही श्रींच्या चरणी पूर्ण दान होय. दानशूर भाविकांनीही आपल्या देणगीसोबत स्वहस्ते वाढविलेले एखादे फूल जरूर आणावे.

हार सुती दोऱ्यात ओवावा, प्लास्टिकची फुले टाळावीत. निर्माल्य नदीत न सोडता दोरा काढून खतात घालावे. गावठी झेंडूची काही टपोरी फुले मात्र झाडावरच वाळू द्यावीत; त्यांतील बी पुढील वर्षीची पूजा होय.

प्रत्येक भाविकाच्या अंगणी ही सेवा नांदो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥