दारं धरणारा

थोरला मुलगा घाटकोपरला भटवाडीत राहतो. डोंगराच्या उतारावर एक खोली. आमच्या जुन्नर-आंबेगावकडची पुष्कळ माणसं त्या भागात, त्यामुळं परकं वाटत नाही. एका उन्हाळ्यात मी संध्याकाळी पोचलो आणि मोरीत हातपाय धुतले, गावी धुतो तसे, ऐसपैस. पिंपातलं पाणी तळाला गेलं. सूनबाई बघत होती, पण बोलली नाही. पहाटे चारला ती हंडे-कळशा मांडून नळापाशी बसली. नेमका त्या दिवशी नळाला नुसता वारा आला. मग तांदळाचं धुवण भांड्यांना वापरलं, नातवाला ओल्या फडक्यानं पुसून शाळेत धाडलं आणि मला म्हणाली, "मामा, तुमच्या चहापुरतं ठेवलंय."

तो चहा घशाखाली उतरेना.

कारण गावी मी टोमॅटोला पाटानं पाणी द्यायचो. रात्रीची लाईट, खांद्यावर फावडं, वाफा काठोकाठ भरला की जिवाला बरं वाटायचं. ठिबक करा म्हणून पुतण्या दोन वर्षं मागं लागला होता. कृषी सहायकानं अनुदानाचे कागदही आणून दिले होते. नगरकडच्या हिवरे बाजारात ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेतीला बोअर घेऊ देत नाहीत, ही गोष्ट तर मीच पारावर रंगवून सांगायचो! म्हणजे कळत नव्हतं असं नाही.

खर्चाची अडचण हे लोकांना सांगायचं कारण. खरं दुखणं निराळं होतं. दारं धरायला मला वडलांनी शिकवलं. अंधारात नुसत्या आवाजावरून ते वाफा भरला का ते सांगायचे. ठिबक बरोबर म्हणायचं तर त्यांच्या नि माझ्या इतक्या रात्री चुकीच्या ठरतात, असं मनात रुतून बसलं होतं. मेलेल्या बापाला चूक कोण म्हणणार?

भटवाडीहून परतताना एस.टी.त उलगडलं. वडलांच्या वेळी विहिरीवर मोट होती, चैतातही पाणी हाताला लागायचं. वडलांनी विहीर बघून पाणी दिलं. मी वडलांकडं बघून देत होतो.

वीस गुंठ्यांवर नळ्या अंथरल्या. तरी वरची माती कोरडी दिसायची नि जीव कासावीस व्हायचा. तिसऱ्या रात्री मी चोरून पाट फोडला. सकाळी पुतण्यानं चिखल बघितला. काही न बोलता पलीकडच्या सरीत खुरप्यानं उकरलं. वर रुपयाएवढा ओला ठिपका, खाली मात्र ओल कांद्यासारखी फुगलेली. मी बोट घालून बघितलं. गार लागलं.

अजूनही रात्री लाईट आली की जाग येते. फावडं घेत नाही. बांधावर जातो, उकिडवा बसतो आणि नळीला कान लावतो.